चावी, बिजागरी आणि स्पॅनिशचा पहिला धडा

आमच्या नेरुळच्या सोसायटीत एक मुलगी राहते. ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथं स्पेन आणि मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावं लागतं, म्हणून तिनं स्पॅनिशचा वर्ग लावला. एका रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. मला स्पॅनिश येतं म्हणून नव्हे, तर निवृत्त मास्तरांकडे पाठांतराची एखादी युक्ती असेल या आशेनं. ‘काका, शब्द डोक्यात राहतच नाहीत,’ म्हणाली. वहीत दोन रकाने आखलेले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश. की म्हणजे यावे, ब्रेड म्हणजे पान, बकेट म्हणजे बाल्दे, हिंज म्हणजे बिसाग्रा, पे करणं म्हणजे पागार. मी पेन्सिल घेतली आणि पलीकडे तिसरा रकाना आखून लिहिलं : चावी, पाव, बादली, बिजागरी, पगार. पोरगी बघतच राहिली.

मित्रहो, या तिसऱ्या रकान्याविषयी आज मला बोलायचं आहे. मराठी माणूस स्पॅनिश शिकायला बसतो, तेव्हा त्याच्या हातात पुस्तक असतं इंग्रजी माणसासाठी लिहिलेलं. त्या पुस्तकाचा लेखक आपल्या वाचकाला धीर देतो की घाबरू नका, तुम्हाला निम्मं स्पॅनिश आधीच येतं. आणि मग नेशन, इन्फर्मेशन, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी अशा शब्दांची स्पॅनिश भावंडं दाखवतो. ते खरंच आहे. पण गंमत पाहा, हे सगळे कचेरीतले, दरबारातले, ग्रंथातले शब्द. इंग्रजीत ते फ्रेंच सरदारांच्या आणि लॅटिन पंडितांच्या वाटेनं आले. त्याच इंग्रजी माणसाला स्वयंपाकघरात आणून उभं करा, सुताराच्या कारखान्यात नेऊन सोडा, की त्याची बोलती बंद. किल्ली, पाव, बादली, बिजागरी, यांतल्या एकाही शब्दाला त्याच्या भाषेतून आधार मिळत नाही. आपलं नेमकं उलटं आहे. विद्यापीठ आणि राष्ट्र हे आपले शब्द स्पॅनिशच्या जवळपासही नाहीत. पण घरात, मोरीत, कारखान्यात आणि मंडईत आपली ओळख निघते. असं का झालं, हा प्रश्न भाषेचा जितका आहे तितकाच इतिहासाचा आहे.

ही ओळख थेट स्पेनशी नाही, पोर्तुगालमार्फत आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या दोन लेकी, एकमेकींच्या शेजारी नांदणाऱ्या. १४९४ साली या दोन राजसत्तांनी तोर्देसियास या गावी करार करून अटलांटिक महासागरात उभी रेघ मारली. रेघेच्या पूर्वेचं जग पोर्तुगालनं शोधावं, पश्चिमेचं स्पेननं. ज्यांचं जग वाटून घेतलं त्यांना कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. त्या रेघेमुळं आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले. स्पेनची जहाजं पॅसिफिक ओलांडून फिलिपीन्सला पोचली, म्हणून तिथल्या लोकांच्या घरात स्पॅनिश शब्द शिरले. साबणाला ते साबोन म्हणतात आणि टेबलाला मेसा. न्हावाशेवा बंदरात जहाजांवरचे आपले खलाशी आणि फिलिपिनो खलाशी एका मेजावर जेवायला बसतात, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी वाटून घेतलेल्या जगाचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसलेले असतात.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटं त्यातच गेली. पुढं दोनशे वर्षं वसई ही उत्तर कोकणच्या पोर्तुगीज अंमलाची राजधानी होती. आपले लोक त्या मुलखाला फिरंगाण म्हणत. आजच्या नवी मुंबईच्या अंगणातच हा सगळा खेळ चालला होता. पनवेलच्या खाडीच्या मुखाशी बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. हा किल्ला कधी सिद्दीकडे, कधी फिरंग्यांकडे राहिला आणि अठराव्या शतकात मराठ्यांकडे आला. उरण, म्हणजे जुनं करंजा बेट, पोर्तुगीजांचंच. आणि समोर दिसणारी घारापुरी. तिच्या किनाऱ्यावर दगडाचा एक मोठा हत्ती होता, तो पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. हत्तीला पोर्तुगीजमध्ये एलेफान्ते म्हणतात, स्पॅनिशमध्येही तेच. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे होतं. म्हणजे वसई, चौल, करंजा, मुंबई या सगळ्यांचा धनी त्या काळात माद्रिदला बसलेला फिलिप राजा. चौलच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून १५९४ साली जिंकला गेला, तो याच फिलिपच्या नावानं. तरीही कोकणात स्पॅनिश शब्द आले नाहीत. कारण दुसऱ्या फिलिपनं पोर्तुगीजांना वचन दिलं होतं की तुमचा कारभार तुमच्याच माणसांकडे राहील. राजा बदलला, पण फौजदार, पाद्री, मुकादम आणि मिस्त्री तेच राहिले. शब्द राजाकडून येत नाहीत, मिस्त्रीकडून येतात. खुद्द मिस्त्री हा शब्दच पाहा. पोर्तुगीज मेस्त्र, स्पॅनिश माएस्त्रो. तिकडे त्याचा अर्थ उस्ताद, गुरुजी. आपण तो गवंड्याला आणि सुताराला दिला, कारण फिरंग्यांच्या हाताखाली काम शिकवणारा उस्ताद आपल्याला तिथंच भेटला.

आता चावीकडे येऊ. लॅटिनमध्ये किल्लीला क्लाविस. लॅटिनच्या आरंभीच्या ‘क्ल’चा स्पॅनिशमध्ये ‘य’सारखा उच्चार झाला, म्हणून यावे. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘च’ झाला. म्हणून चावे, आणि आपली चावी. पण आज लिस्बनला जाऊन चावे म्हणाल तर लोक थबकतील. ते ‘शाव्ह’ म्हणतात. मधल्या शतकांत त्यांच्या राजधानीच्या भाषेत ‘च’चा ‘श’ झाला. आपण शब्द घेतला तो त्याआधी. म्हणजे सोळाव्या शतकातल्या खलाशानं जो उच्चार केला, तो लिस्बनच्या रस्त्यावर राहिला नाही, पण नवी मुंबईच्या लोकलमध्ये ‘चावी घरी विसरले वाटतं’ असं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी जिवंत आहे. बिजागरीचंही तसंच. पोर्तुगालमध्ये आज तिला वेगळाच शब्द रूढ आहे. जुना बिसाग्रा स्पेननं ठेवला आणि आपण ठेवला. त्यामुळं माद्रिदच्या सुताराशी आपलं या बाबतीत लिस्बनच्या सुतारापेक्षा लवकर जमेल!

आपल्याकडे किल्ली नव्हती म्हणून चावी आली, असं समजू नका. किल्ली होतीच, आजही आहे. भाषा काही फक्त नड भागवायला शब्द उसना घेत नाही. ज्याच्या घराला कुलूप लावायचं आणि ज्याच्या कोठाराचा पहारा करायचा, त्याचा शब्द नोकरमाणसांच्या तोंडी बसतो. बादली म्हणजे बाल्दे, दोन्ही भाषांत. घमेलं म्हणजे पोर्तुगीज गामेला, स्पॅनिश गामेया. परात म्हणजे प्रातो, स्पॅनिशमध्ये प्लातो, पण तिकडे ती साधी ताटली. आपण तिला कणीक मळण्याइतकी मोठी केली. पिंप म्हणजे दारूचं लाकडी पीप, पीपा. इस्त्री आली एस्तिरार या क्रियापदावरून, त्याचा अर्थ ताणणं. कपडा ताणून सरळ करायचा, म्हणून इस्त्री. बंब म्हणजे बोम्बा, पाणी खेचायचं यंत्र. आपण आगीचा बंब म्हणतो, आणि स्पेनमध्ये आग विझवणाऱ्या जवानांना बोम्बेरोस म्हणतात. सैन्यातून काडतूस आलं, कार्तूचो. आणि पगार! पागार हे दोन्ही भाषांत क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. आपण त्याचं नाम केलं आणि महिन्याच्या एक तारखेला त्याची वाट बघत बसलो.

दोन शब्दांबाबत सावध राहावं. साबण आणि मेज यांच्यावर पोर्तुगीजांचा हक्क सांगतात तसा अरबी-फारसीचाही सांगतात, आणि विद्वानांत त्यावर वाद आहे. पाव मात्र निर्विवाद पोर्तुगीज. पायांनी मळतात म्हणून पाव, ही आपल्याकडची जुनी अफवा. पोर्तुगीज उच्चार नाकातला, ‘पांव’. त्यांच्या बोलण्यात शेवटचा न नाकात विरला, स्पॅनिशनं तो ठेवला, म्हणून तिकडे पान. स्पेनमध्ये जेवणासोबत पान मागाल तर विडा मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

त्या मुलीला मी सांगितलं, वही घे आणि तुर्भ्याच्या बाजार समितीत एक फेरी मार. मुंबईतले घाऊक बाजार तिथं हलवले, तेव्हापासून उभ्या महाराष्ट्राची भाजी आणि फळं त्या गाळ्यांतून जातात. कांदा-बटाटा मार्केट या नावातच धडा आहे. कांदा आपला, म्हणून त्याचं नाव आपलं. बटाटा बाहेरचा, म्हणून तो नाव घेऊनच उतरला. बाताता हा मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि तो रताळ्याचा. स्पॅनिशांनी तो उचलला. पुढं दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला बटाटा सापडला, त्याला तिथले लोक पापा म्हणत. स्पेनमध्ये दोहोंची गल्लत होऊन पाताता झाला. पोर्तुगीजांनी सरळ बाताता हेच नाव बटाट्याला दिलं आणि आपल्याला तेच मिळालं. हिंदी मुलखात तो आलू झाला. आता आपल्या मुलीनं माद्रिदमध्ये बाताता मागितला तर हातात रताळं पडेल, आणि मेक्सिकोत बटाटा हवा असेल तर पापा म्हणावं लागेल. ओळखीचे शब्द असे कधी कधी फसवतात, पण फसवलेला शब्द माणूस जन्मात विसरत नाही.

पुढं फळबाजार. पपई म्हणजे पापाया, अडचण नाही. चिकू म्हणजे मेक्सिकोतला चिकोसापोते, फिलिपीन्समध्येही त्याला चिकोच म्हणतात. काजू आणि अननस हे ब्राझीलच्या आदिवासींचे शब्द, पोर्तुगीजांच्या जहाजातून थेट आपल्याकडे आले. स्पॅनिशांनी मात्र अननसाला पिन्या म्हटलं, कारण तो त्यांना पाइनच्या झाडाच्या बोंडासारखा दिसला. मोसंबी म्हणजे मोझांबिकची. आणि हापूस म्हणजे अफोन्सो. गोव्यात कलमं करण्याची कला पोर्तुगीज काळात रुजली आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या सेनानीचं नाव, अफोन्सो द आल्बुकर्क, आंब्याला चिकटलं असं सांगतात. स्पॅनिशमध्ये हेच नाव आल्फोन्सो. स्पेनच्या गादीवर त्या नावाचे राजे तेराव्यापर्यंत झाले, पण देवगडच्या पेटीवर बसायचा मान कुणाला मिळाला नाही. एवढं झालं की कोबी बघा, तो पोर्तुगीज कोव्ह. आणि सगळ्या मालाचा होतो तो लिलाव, तोही त्यांचाच, लैलांव. स्पॅनिशमध्ये त्याला वेगळा शब्द आहे, तो वेगळा पाठ करावा लागेल.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, म्हणून दुसरी बाजूही बोललं पाहिजे. हे शब्द काही पाहुणचारात आले नाहीत. वसई आणि गोव्यात देवळं पडली, माणसं बाटवली गेली, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं ते एकोणिसाव्या शतकापर्यंत. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावच्या गाव बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यातली प्रत्येक कथा घडलेलीच असेल असं नाही, पण पाव या साध्या जिनसेची लोकांना केवढी धास्ती होती, ते तिच्यातून कळतं. आणि तोच पाव आज वड्याभोवती गुंडाळून आपण महाराष्ट्राचं खाणं म्हणून मिरवतो. ही धास्ती कधी गेली, त्याची तारीख कुठल्याही बखरीत नाही.

सक्तीनं काय साधतं, त्याचाही दाखला गोव्यातच आहे. १६८३ साली संभाजीराजांनी गोव्यावर चढाई करून फिरंग्यांना जेरीस आणलं. पुढच्याच वर्षी, जून १६८४ मध्ये, विजरई कोंद द आल्व्होर यानं फर्मान काढलं की गोव्यातल्या लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षं गेली, तीनशे गेली, गोवा कोकणीच बोलत राहिला. ज्या सत्तेला हुकूम देऊन एक वाक्य बोलवून घेता आलं नाही, तिच्या सुतारानं आणि भटारखान्यातल्या पोऱ्यानं न सांगता शेकडो शब्द देऊन टाकले. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या, आजही त्या तिथं आहेत. शब्द तर त्याआधीच घराघरांत पोचले होते. पुढं भाषाशुद्धीची चळवळ झाली, तेव्हा रोख होता फारसी आणि इंग्रजीवर. चावी, पगार आणि बादली परक्या आहेत याची फारशी कुणाला आठवणही उरली नव्हती.

ही आठवण शोधून काढणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो, जन्म १८५५, गाव बार्देशमधलं आसगाव. धर्मगुरू म्हणून ते सावंतवाडीला, बंगालमध्ये आणि सिलोनमध्ये राहिले, आणि जिथं गेले तिथल्या बायाबापड्यांच्या बोलण्यातले पोर्तुगीज शब्द टिपत गेले. उतारवयात लिस्बनला असताना आजारात दोन्ही पाय गेले, तरी काम थांबलं नाही. १९१३ साली त्यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ निघाला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेनं छापलं. मराठीतल्या चावी-बिजागरीचा हिशेब त्यात मांडलेला आहे. मराठीत हा ग्रंथ यावा असं मला फार वाटतं, नाहीतर आपल्या शब्दांचा पत्ता आपण परक्यांच्या भाषेतच वाचत राहणार.

उलट दिशेनं आलेला एक विद्यार्थीही आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स हा अस्सल इंग्रज १५७९ साली गोव्याला आला आणि साष्टीच्या खेड्यांतून चाळीस वर्षं राहिला. त्यानं आपली भाषा शिकून मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापून निघालं. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे त्यानं १५८३ साली भावाला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. हा शेजार मात्र चावी-पावासारखा उसनवारीचा नाही. दोन आणि दोस, सात आणि सिएते, नऊ आणि नुएवे, दात आणि दिएन्ते, हे साम्य फिरंगी जहाजांच्या हजारो वर्षं आधीचं, एकाच कुळातलं. वहीत या शब्दांना चौथा रकाना द्यावा.

आता थोडं कोर्लईविषयी. नवी मुंबईहून अलिबागच्या वाटेनं रेवदंड्याला जायचं आणि कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा. किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. मागं राहिली ती त्यांच्या पदरची ख्रिस्ती माणसं, भोवताली सगळा मराठी मुलूख. या माणसांनी घरात धन्याची भाषा चालू ठेवली, ती आजतागायत. तिला ते नॉलिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. अमेरिकेतले भाषातज्ज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिथं जाऊन तिचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या भाषेतले शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची बांधणी मराठीच्या वळणावर गेली आहे. पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्ये क्रियापद मधे येतं, मी खातो पाव. कोर्लईचा माणूस क्रियापद शेवटी ठेवतो, मी पाव खातो. आपण त्यांचे शब्द आपल्या वाक्यात बसवले, त्यांनी त्यांचे शब्द आपल्या वाक्याच्या चालीवर चालवले.

चर्चमधली प्रार्थना आता मराठीत होते, शाळा मराठीत आणि इंग्रजीत, आणि खाडीवर पूल झाल्यापासून पोरं कामधंद्यासाठी रोज बाहेर पडतात. स्पॅनिश शिकायला निघालेल्या कुणाला एखादा रविवार मोकळा असेल, तर तिकडे जाऊन म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोलून यावं. चावीला आणि पावाला तिथं काय म्हणतात ते विचारावं, आणि वहीत टिपून आणावं.